तिसऱ्या पिनेतली तार

संगणकाला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, विकत घेण्यापूर्वी हातात घेऊन तोलला पाहिजे, असे गंगाधरपंत सबनीसांचे मत होते. आणि आपले मत गिऱ्हाइकाला पटल्याखेरीज त्याला काहीही विकायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. सांगलीत हरभट रस्त्यामागच्या एका गल्लीत त्यांचे संगणकांचे दुकान होते. कचेरीच्या कामाचे संगणक साताऱ्यातही मिळत. परंतु खेळांसाठी लागणारी नवी ग्राफिक्स कार्डे मागवून ठेवणारा दुसरा दुकानदार धवल किणीकराला माहीत नव्हता. म्हणून १९९९ सालच्या मे महिन्यात, कारखान्याच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी, तो सकाळच्या एसटीने साताऱ्याहून निघाला आणि दुपारी या दुकानात येऊन बसला.

तो एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाटने काढीत असे. लग्नाला नुकते वर्ष झाले होते. घरात संगणक आला तेव्हा त्याची पत्नी अबोली म्हणाली होती, "या डब्याऐवजी मिक्सर आणला असता तर निदान चटणी तरी झाली असती." पुढे मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ तिने सहज म्हणून खेळून पाहिला, आणि थोड्याच दिवसांत ती त्याच्यापेक्षा वेगाने घाट उतरू लागली. पण त्या घाटातली झाडे मोटार जवळ गेली की चौकोनी ठिगळे होत. वळणावर चित्र अडखळे. आणि ऐन शर्यतीत संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. या दुखण्यांवर इलाज म्हणून नवे कार्ड आणि नवा पॉवर सप्लाय घ्यायचे ठरले होते. सकाळी तो निघाला तेव्हा अबोलीने दारातून बजावले होते, "नवीन कार्ड येईपर्यंत मी जुन्यावरच तुमचा विक्रम मोडून ठेवते. फक्त लाइट येऊ देत."

गंगाधरपंतांनी त्याच्यासमोर दोन राखाडी डबे ठेवले.

"हा उचला. आता हा. काय वाटलं?"

"दुसरा जड आहे."

"आणि दोन्हींवर अडीचशे वॉट असंच छापलंय. छापायला नुसती शाई लागते, सातारकर. वजन वाढवायला आत तांबं घालावं लागतं. तुमच्या घरी कोणता आहे?"

"दोनशे वॉटचा. या पहिल्यापेक्षाही हलका."

"म्हणजे खोका आणि हवा," गंगाधरपंत म्हणाले. "बरं, कार्डं बघा. हे साधं. हे मोठं, याच्यावर पंखा आहे. पंखा कशासाठी?"

"गरम होतं म्हणून."

"गरम का होतं? जास्त खातं म्हणून. आणि जे जास्त खातं ते कोणाच्या ताटातलं खातं, हे विचारल्याशिवाय कार्ड घेणारा माणूस महिन्याभरात माझ्याकडं जळका मदरबोर्ड घेऊन रडत येतो. तुमच्या बोर्डावर तपकिरी खाच आहे ना, एजीपीची?"

"आहे."

"मग मोठं कार्ड बसेल. पण त्याच्याबरोबर हा जड सप्लाय घ्यावाच लागेल. जोडताना दोन पांढरे जोड शेजारी शेजारी बसतात. काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटं बसवलंत तर कार्ड आणि बोर्ड, दोन्ही गेले."

"ते मला माहीत आहे."

"सगळ्यांना सगळं माहीत असतं," गंगाधरपंत उपरण्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले. "जुन्या सप्लायचं दुखणं काय, तेवढं सांगा. संगणक बंद पडतो एवढंच?"

"एवढंच. पूर्वी आणखी एक त्रास होता. संगणकाच्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. पण तो आता गेला."

चष्मा पुसणारा हात थांबला.

"गेला? आपोआप?"

"नाही, वायरमननं घालवला."

"कसा घालवला?"

या प्रश्नात धवलाला काही विशेष वाटले नाही. त्याने हकीकत सांगितली. त्याचे भाड्याचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांच्या आळीत होते. खाली शहरातल्या घरांतून अंगणात नळीचे तोंड वर आलेले दिसते. त्या नळीखाली जमिनीत अर्थिंगची पट्टी पुरलेली असते, आणि उन्हाळ्यात माती सुकू नये म्हणून बायका शनिवारी तीत बादलीभर मिठाचे पाणी ओततात. उतारावरच्या घरांना ती सोय नव्हती. पहार हातभर आत गेली की काळ्या दगडावर खणकन आपटे. झिणझिण्यांना कंटाळून धवलाने नाथाजी वायरमनला बोलावले, तेव्हा त्याने अंगण पाहिले, पहार टेकवली आणि हसून म्हटले, "सायेब, हितं अर्थिंग गावायचं न्हाई. खाली सगळा डोंगर हाय. आमी हितल्या घरांत येगळंच करतो. बसा तुमी." मग त्याने सॉकेटची पाटी उघडली, बोटभर लाल तार घेतली, तिचे एक टोक न्यूट्रलच्या भोकामागे आणि दुसरे तिसऱ्या पिनेच्या भोकामागे आवळून बसवले आणि पाटी बंद केली. त्या क्षणापासून झिणझिण्या नाहीशा झाल्या. आळीत ज्यांच्याकडे फ्रीज होते त्यांच्याकडेही नाथाजीने हेच केले होते. तक्रार कोणाची नव्हती.

हकीकत संपली तेव्हा गंगाधरपंतांनी दोन्ही डबे हळूच बाजूला सारले.

"तुम्ही रेखाटनं काढता ना? मग डोळ्यांपुढं चित्र आणा. खांबावरून घरात दोन तारा येतात. एकीतून वीज येते, ती फेज. दुसरीतून परत जाते, ती न्यूट्रल. तिसरी तार जमिनीतून यायला हवी, आणि ती तुमच्या कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असते. तुमच्याकडं जमिनीतून काहीच येत नव्हतं, म्हणून पत्रा झिणझिणत होता. ती तक्रार होती. तुमच्या वायरमननं तिचं तोंड बांधलं."

"पण आता काहीच जाणवत नाही."

"कारण पत्रा दुसऱ्या तारेला बांधलाय, आणि दुसरी तार आज शांत आहे. ती दुसरीच आहे, हे कोणी ठरवलं? तुम्ही? नाथाजीनं? खांबावर चढलेल्या माणसानं ठरवलं. त्यानं उद्या दोन तारांची अदलाबदल केली तर काय होईल?"

"काय होईल?"

"काहीच कळणार नाही, हेच त्यातलं भयंकर. दिवे लागतील, पंखा फिरेल, संगणकसुद्धा चालेल. फक्त त्याचा पत्रा म्हणजे उघडी फेज झालेली असेल."

धवलाने वाद घातला. वाद घालण्याने गोष्ट खोटी ठरते असा त्याचा काहीसा समज होता. "बटण बंद असलं तर तसं होणार नाही."

"बटण फेज तोडतं. अदलाबदल झाल्यावर फेज बटणाच्या वाटेनं येणारच नाही. दुसऱ्या तारेनं येईल, नाथाजीच्या लाल तुकड्यावरून उडी मारून थेट पत्र्यात जाईल. प्लग खोचलेला असला की बास. बटण चालू का बंद, त्याला विचारतो कोण?"

"पण खांबावरच्या तारा कोण कशाला उलट्या..."

त्याला सकाळची शिडी आठवली.

खांबावरून त्याच्या घरात येणाऱ्या तारेचे आवरण उन्हाने तडकले होते. पाऊस सुरू होण्यापूर्वी ती बदलावी म्हणून त्यानेच वीज कचेरीत हेलपाटे घातले होते. आज सकाळी तो पायऱ्या उतरत होता तेव्हा लाइनमन शिडी घेऊन वर येत होते. आळीतली वीज बंद करण्यात आली होती. दुपार उतरली की काम संपेल, असे त्यांच्यातला एक जण त्याला हसत म्हणाला होता. जुनी तार आज उतरणार होती. नवी तार आज जोडली जाणार होती.

त्याने हे सांगितले. स्वतःचा आवाज त्याला बेताचा आणि नीट वाटला. फक्त बोलताना आपण काउंटरची कड धरली आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

"घरी कोण आहे?" गंगाधरपंतांनी विचारले.

"बायको."

"ती संगणकाला हात लावते?"

उकाड्याने संगणक तापू नये म्हणून कॅबिनेटचे झाकण त्यानेच काढून ठेवले होते; आतली सगळी लोखंडी चौकट उघडी होती. कॅबिनेट जमिनीवर, मेजाच्या डाव्या अंगाला उभे असे. अबोली अनवाणी बसे. शर्यत रंगात आली की डावा पाय त्या चौकटीला टेकवून ती वळण घेई, जणू मोटारीचा तोल तिला त्या पायाने सावरायचा असे. आणि दुपारी फरशी गार व्हावी म्हणून ओल्या फडक्याने पुसून, ती सुकायच्या आतच ती खुर्चीवर येऊन बसे. हे सगळे तो रोज पाहत होता. त्यात पाहण्यासारखे काही आहे, असे त्याला कधी वाटले नव्हते.

"उलट्या जोडल्याच असतील असं नाही," तो म्हणाला. "बहुधा नीटच जोडतील. शक्यता किती धरायची?"

"शक्यतेचा हिशेब एसटीत बसून करा. घरी फोन आहे?"

"नाही. खाली पायऱ्यांच्या तोंडाशी दादासोंचं किराणा दुकान आहे, तिथं आहे."

"चला."

दुकान तसेच उघडे टाकून गंगाधरपंत त्याला शेजारच्या एसटीडी बूथमध्ये घेऊन गेले. धवलाने क्रमांक फिरवला. "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत," एक बाई अत्यंत सौजन्याने म्हणाली. त्याने पुन्हा फिरवला. तिने पुन्हा तेच, त्याच सौजन्याने सांगितले. बूथची काच तापली होती. बाहेर रस्त्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी होती आणि एक बाई मोठ्याने हसत होती. साताऱ्यात या क्षणी लाइनमन कदाचित शिडी आवरत असेल. कदाचित अजून वर असेल. कदाचित वीज येऊन बराच वेळ झाला असेल, आणि ज्याची भीती वाटते आहे ते होऊनही गेले असेल. घरात पंखा फिरत असेल, पडद्यावर मोटार रस्त्याकडेला थांबून राहिली असेल, आणि कोणालाही काही कळले नसेल. हा शेवटचा विचार मनात येताच त्याने तो झटकला, पण त्यातला पंखा फिरतच राहिला.

अखेर पलीकडे घंटा वाजली.

"हालो! कोन बोलतंय?"

"दादासो, मी धवल, वरचा किणीकर. सांगलीहून बोलतोय. आपल्या आळीत लाइट आले का?"

"न्हाई अजून. सकाळधरनं बोंब हाय. आवं, बरफ वितळून पानी झालं माजं. तुमच्याच घराची तार बदलत्यात न्हवं? तुमच्यापायी आमी समदी शिजतोय हितं."

धवलाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "दादासो, माझं नीट ऐका. अबोलीला आत्ताच्या आत्ता घराबाहेर बोलवायचंय. लाइट यायच्या आत. संगणकाच्या खोलीत तिनं जायचं नाही, कशालाही हात लावायचा नाही. कोणाला तरी पाठवा."

"का वो, झालं काय?"

"संगणकात करंट उतरेल."

"काय सांगता! थांबा. आवं शालूबाय, पिशवी ठेव हितंच. वर किणीकर वैनींना हाक मार, भाईर ये म्हनावं, पळ!"

गंगाधरपंतांनी धवलाच्या हातातून रिसीव्हर घेतला. "नमस्कार, मी सांगलीचा दुकानदार. त्या बाईंना आणखी एक सांगून पाठवा. आतल्या बाई खाली पडलेल्या दिसल्या, तर त्यांना हात लावायचा नाही. कितीही वाटलं तरी नाही. ओरडायचं, माणसं बोलवायची, पण हात लावायचा नाही. नाहीतर त्याही जातील."

त्यांनी हे स्वच्छ, एकेक शब्द तोडून सांगितले आणि रिसीव्हर परत दिला. धवलाला त्यांचा राग आला. आणि त्या रागाखाली त्याला कळत होते की, त्या दुपारी त्याच्याशी कोणी सर्वांत शहाणपणाचे काही बोलले असेल तर ते हेच.

दादासोंनी रिसीव्हर काउंटरवर ठेवला असावा. आता धवलाला कानात साताऱ्यातले ते दुकान ऐकू येत होते. तराजूचे पारडे टेकले. कागद चुरगळला. कोणीतरी गुळाचा खडा लहान आहे म्हणून कुरकुरले आणि दादासो म्हणाले, "आवं, घ्या की, पुढच्या येळंला मोठा देतो." शालूबाईंची हाक दुरून, वर चढत जाताना ऐकू आली आणि विरली. त्याने पायऱ्या डोळ्यांपुढे आणल्या. चिंचेपाशी वळण. पाण्याची टाकी. मग निळे दार.

आणि तेवढ्यात त्याच्या कानात एक परकी बाई मोठ्याने बोलू लागली.

ती वाक्याच्या मधूनच बोलत होती. भाताच्या रोपवाटिकेला कोणते खत किती द्यावे ते सांगत होती. दादासोंचा रेडिओ. सकाळी बंद न करताच तसाच राहिलेला.

"आला, आला लाइट!" पलीकडे कोणीतरी आनंदाने ओरडले.

"लाइट आले," धवल म्हणाला. गंगाधरपंतांनी डोळे मिटले.

"दादासो!" तो रिसीव्हरमध्ये ओरडला. "दादासो!" खताची माहिती चालूच राहिली. बूथबाहेर थांबलेला एक माणूस काचेतून आत पाहू लागला. धवल पुन्हा पुन्हा ओरडला. अखेर रिसीव्हर उचलल्याचा खरखराट झाला.

"हां, धवलराव. शालूबाय वरनं वरडून सांगतीय, दार आतनं बंद हाय. कडी हाय. लय हाका मारल्या, पर आतनं वो न्हाई."

धवलाच्या चेहऱ्यावरून गंगाधरपंतांना सर्व समजले, आणि त्यांनी रिसीव्हर जवळजवळ हिसकावून घेतला.

"दादासो, तार जोडणारी माणसं गेली का?"

"न्हाई, हितंच शेजारी च्या पित्यात. हरिबा आन त्याची मंडळी."

"त्यांना सांगा, खांबावरचा फ्यूज काढा. आत्ता. चहा ठेवून. संबंध आळीचा गेला तरी चालेल."

मग दोघांनी एकाच रिसीव्हरला कान लावले. वयस्क माणसाचा श्वास, पानाचा वास, आणि दूरच्या दुकानातला गलका.

"ए हरिबा, वरचा फ्यूज काड!"

"का वो? आत्ता तर घातलाय."

"वर बाई अडकलीया म्हंत्यात! काड म्हनतोय न्हवं!"

"तुमचं बी काय, घाल म्हनलं का घालायचा, काड म्हनलं का..."

"आरं, माणूस मरतंय तिकडं, कप ठेव गड्या!"

पावले धावली. शिडी कशावर तरी आपटली. रेडिओतली बाई शांतपणे सांगत होती की, रोपे हातभर झाली की पाण्याची पातळी कमी करावी. धवल तिचा प्रत्येक शब्द ऐकत होता. ती बोलते आहे तोवर पत्रा जिवंत असू शकतो, एवढेच त्याला कळत होते. आणि ती बोलत होती, थांबत नव्हती, पातळी कमी केल्यावर काय करावे तेही सांगू लागली होती. तिच्या गळ्याभोवती हात आवळावेत असे त्याला वाटले.

शब्द अर्धाच राहिला. रेडिओ बंद पडला.

"गेला," गंगाधरपंत म्हणाले.

आता वीज नव्हती. पण कडी आतून होती आणि आतून उत्तर नव्हते, हे तसेच होते. वीज गेल्याने जे व्हायचे होते ते थांबले होते. जे होऊन गेले असेल ते परत येणार नव्हते. धवल काचेला टेकून उभा राहिला. दाराच्या फळ्या जुन्या आहेत, हरिबाने लाथ घातली तर मोडतील, असा विचार त्याने केला. मग मोडल्यावर ते आत काय पाहतील, या विचारापाशी येऊन तो थांबला आणि पुन्हा फळ्यांपासून सुरुवात करू लागला.

किती वेळ गेला ते त्याला पुढेही कधी सांगता आले नाही. रिसीव्हरमध्ये बायकांचे आवाज जवळ आले. त्यातला एक रागावलेला होता.

"अहो, काय चाललंय हे? सगळी आळी गोळा केलीत! मी न्हाणीघरात होते. डोक्यावर पाणी ओतत होते, मला काय ऐकू येणार? लाइट आले म्हणून घाईनं बाहेर येतेय, तर परत गेले, आणि ह्या मावशी दार फोडायला निघालेल्या. केसांतून पाणी गळतंय माझ्या, आणि सगळे माझ्याकडं बघतायत. काय झालंय तरी काय? अहो? ऐकताय ना?"

तो ऐकत होता. रिसीव्हर कानाशी धरूनच तो बूथच्या फरशीवर बसला.

गंगाधरपंतांनी त्याला त्या दिवशी काही विकले नाही. आणि त्यानेही मागितले नाही. मेन स्विच पाडून ठेवायचा, तो येईपर्यंत घरात कोणी जायचे नाही, आणि नाथाजीला बोलावून ठेवायचे, एवढे फोनवर ठरले. तो मिळेल त्या एसटीने निघाला. कऱ्हाडपर्यंत त्याला सारखे वाटत राहिले की, तो आवाज आपण ऐकला हे खरे. पण त्यानंतर ती टॉवेल आणायला म्हणून आत गेली असेल.

तो पायऱ्या चढला तेव्हा ऊन किल्ल्याच्या तटावरून नुकतेच उतरत होते. दारात अबोली, शालूबाई, हरिबा लाइनमन आणि नाथाजी उभे होते. अबोलीचे केस सुकले होते. तिने त्याच्याकडे पाहिले. मी खरंच मरणार होते का, हा तिचा प्रश्न चार माणसांत विचारता येण्यासारखा नव्हता.

"बगू तर खरं," नाथाजी म्हणाला. "आजपातुर कुटं काय झालं न्हाई, सायेब. उगं घाबरवलं तुमाला त्या सांगलीकरानं."

खांबावरचा फ्यूज पुन्हा बसवलेला होता. नाथाजीने पायांत रबरी चपला ठेवून मेन स्विच वर केला आणि खोलीत गेला. भिंतीवरचे बटण बंद होते. ते बंद असल्याचे त्याने सर्वांना बोटाने दाखवले. मग खिशातला टेस्टर काढून, खाली वाकून, त्याचे टोक कॅबिनेटच्या उघड्या चौकटीला टेकवले.

टेस्टरच्या पोटातला दिवा पेटला. नारिंगी आणि ठळक. दारातूनही दिसावा इतका.

नाथाजीने टोक दुसऱ्या जागी टेकवले, तिथेही पेटला. अबोलीचा पाय जिथे टेकत असे, तिथला पत्रा घासून थोडा चकचकीत झाला होता. त्याने तिथेही टेकवले.

"आई यमाई," शालूबाई पुटपुटल्या.

"दोनी तारा काळ्याच हायत्या वो," हरिबा म्हणाला. त्याला कोणी काही विचारले नव्हते. "वळखायच्या कशा? लाइट लागला म्हंजे झालं, आमी असंच बगतो."

मेन स्विच पुन्हा पाडण्यात आला. हरिबाने खांबावर चढून तारा सुलट्या जोडल्या. नाथाजीने सॉकेटची पाटी उघडली, लाल तुकडा काढला आणि खिशात घातला. थोड्या वेळाने तो बाहेर काढून पाहिला, आणि मग दुसऱ्या खिशात घातला. "ह्यो आनि कुटं कुटं टाकलाय, समदं आठवतंय मला," तो म्हणाला. "उद्या काडतो समदीकडचा." मग तो थांबला. "न्हाई, आत्ताच जातो." आणि तो खरोखरच शेजारच्या दाराकडे गेला. हरिबा त्याच्या मागोमाग गेला. शालूबाईंनी अबोलीच्या पाठीवरून हात फिरवला, आपली पिशवी दादासोंकडेच राहिल्याचे त्यांना आठवले, आणि त्याही उतरून गेल्या.

जाण्यापूर्वी नाथाजीने मेन स्विच वर करून टेस्टर पुन्हा एकवार लावून दाखवला होता. दिवा लागला नव्हता. मग प्लग काढून त्याने मेन पुन्हा पाडून ठेवला होता.

दोघे खोलीत उभे राहिले.

"म्हणजे मी बाहेर आले होते तेव्हा," अबोली म्हणाली, "हे असं होतं."

"हो."

"बटण न दाबताच."

"हो."

तिने फरशीकडे पाहिले. न्हाणीघरापासून खुर्चीच्या दिशेने तिच्या ओल्या पावलांचे डाग सुकून धुळीत उमटले होते. शेवटचे पाऊल मेजापासून फारसे दूर नव्हते.

"आणि आता काही नाही?"

"आता काही नाही. तारा सुलट्या आहेत. जोड काढलाय. तू टेस्टर पाहिलास."

"मग हात लावा."

हे तिने रागाने म्हटले नव्हते. तिला ते पाहायचे होते, इतकेच. धवलाच्या मनात युक्तिवाद पूर्ण होता. त्याचा एकही दुवा निखळलेला नव्हता. प्लग काढलेला होता. मेन पाडलेला होता. त्या पत्र्यात आता काही असणे शक्य नव्हते. त्याने हात पुढे केला. चौकटीच्या इतक्या जवळ की पत्र्याचा गारवा बोटांना जाणवावा, आणि तिथे तो हात थांबला. त्याने तो पुढे रेटला. तो गेला नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आपण घामाने भिजलो आहोत, हे त्याला दिसत होते, आणि तरीही हात हलत नव्हता.

अबोलीने त्याचा शर्ट मागून मुठीत धरला आणि त्याला मागे ओढले.

"राहू द्या," ती म्हणाली. "राहू द्या, राहू द्या."

ते दोघे बाहेर येऊन दाराच्या पायरीवर बसले. खाली आळीतल्या घरांमध्ये एकामागून एक दिवे लागत गेले. दादासोंच्या दुकानात बातम्या सुरू झाल्या. शेजारच्या घरात नाथाजी कोणालातरी मोठ्याने, अजिजीने काहीतरी समजावत होता. त्यांचे घर पाठीमागे काळे होत गेले. मेन स्विच दारापासून हाताच्या अंतरावर होता. पण आत जाऊन तो वर करायला दोघांपैकी कोणीच उठले नाही.